८×४२ दुर्बीण कशी आहे? हळदी-कुंकू बदकावर घेतलेली टेस्ट (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

दुर्बिणीचे रिव्ह्यू नेटवर ढीगभर आहेत, पण बहुतेक सगळे बाहेरच्या देशातल्या लोकांचे, तिकडची थंडी, तिकडची जंगलं, तिकडचे पक्षी. आपल्या ठाणे खाडीच्या बांधावर सकाळी घामाघूम होऊन उभं राहिल्यावर कुठली दुर्बीण उपयोगाला येते हे कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीत तीन-चार कंपन्यांची साधारण सारखीच वस्तू मिळते आणि मला जे सांगायचंय ते ८×४२ या साइझबद्दल आहे. माझी साडेनऊ हजाराला पडली, ठाण्यात कॅमेऱ्याच्या दुकानातून घेतली, ऑनलाइन नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

टेस्टसाठी मी पक्षी एकच धरला, हळदी-कुंकू बदक. फ्लेमिंगो मुद्दाम नाही धरला, कारण फ्लेमिंगो काय, साध्या डोळ्यांनी पण गुलाबी दिसतो, त्याच्यावर दुर्बिणीची परीक्षा होत नाही. हळदी-कुंकू लांबून नुसतं करड्या-तपकिरी रंगाचं एक बदक दिसतं, कोणी सांगितलं नाही तर माणूस दुसऱ्यांदा बघणार पण नाही. आणि जवळून बघितलं की चोच काळीभोर, चोचीचं टोक पिवळंधमक, आणि जिथे चोच कपाळाला लागते तिथे दोन्ही बाजूंना एकेक लालभडक ठिपका. तो ठिपका नखाएवढा असेल नसेल. तर माझी अट सरळ होती, पाण्याच्या पलीकडे बसलेल्या बदकाचा तो लाल ठिपका दिसला पाहिजे, नुसता "काहीतरी लाल आहे वाटतं" असा नाही, नीट, कडेसकट. दिसला तर दुर्बीण पास.

दुसरं कारण, हे बदक आपल्याकडे बारा महिने असतं. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भिवई ही सगळी मंडळी थंडीत येतात आणि उन्हाळा लागला की उत्तरेला जातात. हळदी-कुंकू इथलंच, पाणी आटलं तर आसपास सरकतं, लांबच्या स्थलांतराच्या भानगडीत सहसा पडत नाही. तळी, पाणथळी, भाताची खाचरं, नदीचे संथ पट्टे, सगळीकडे राहतं. नवी मुंबईत सीवूड्स-नेरूळच्या बाजूच्या पाणथळींवर बघा, भांडुप पंपिंग स्टेशनच्या मागच्या डबक्यांवर बघा, उरणकडे पाणजेला बघा, नाहीतर गाडी काढून बदलापूरकडे उल्हास नदीच्या काठाला जा, जलपर्णीच्या कडेकडेने जोडी फिरत असते. जलपर्णी नदीसाठी वाईटच आहे त्यात वाद नाही, पण बदकं तिच्या आडोशाला बसतात हेही खरं, आणि म्हणूनच तिथे दुर्बिणीशिवाय ती सापडत नाहीत.

आता आकड्यांचं बघू, कारण दुकानात ९० टक्के लोक फक्त "किती एक्स आहे" एवढंच विचारतात. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, ८० मीटरवरचं बदक १० मीटरवर असल्यासारखं. ४२ म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच येतात, तर दुर्बिणीतून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा गोल सव्वापाच मिलिमीटरचा आहे. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते तेव्हा याचा फायदा कळत नाही, पण उजाडता उजाडता किंवा दिवेलागणीला बाहुली पाच किंवा त्याहून जास्त उघडते आणि बदकं नेमकी त्याच वेळेला सगळ्यात जास्त हालचाल करतात. आमच्या ग्रुपमध्ये एका दादांकडे २०×५० आहे, ५० भागिले २० म्हणजे अडीच, त्यामुळे सकाळी सहा-सव्वासहाला त्यांना बदकाची नुसती काळी आकृती दिसते आणि मला त्याच वेळी पिवळं टोक दिसलेलं असतं. शिवाय वीसपट मोठं करणारी दुर्बीण हाताचा कंप पण वीसपट करते. ट्रायपॉड लावला तर ठीक, हातात धरून लाल ठिपका बघायचा म्हटलं तर तो थरथरत राहतो आणि पाच मिनिटांत डोकं दुखतं. दादा स्वतःच आता माझी मागून घेतात.

आणि १०×४२? ते वाईट नाही, बरेच पक्षीमित्र तेच वापरतात. पण दृश्याची रुंदी कमी होते. माझ्या दुर्बिणीचा कोन साडेसात अंशाचा आहे, म्हणजे हजार मीटरवर साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा एकदम दिसतो. बदकं उडाली की हे लागतंच. हळदी-कुंकू पाण्यावरून जवळजवळ सरळ वर उठतं, धावत-पळत टेकऑफ घेत नाही, आणि कुठल्या दिशेला वळेल सांगता येत नाही, तेव्हा रुंद दृश्य असेल तर ते हातातून सुटत नाही. उडताना पंखावरचा हिरवा चमकदार पट्टा आणि त्याच्या दोन्ही कडांच्या पांढऱ्या रेघा दिसतात. तो हिरवा रंग सगळ्या कोनातून दिसत नाही, ऊन नीट पडलं की क्षणभर चमकतो आणि पुन्हा काळा होतो. तो क्षण पहिल्यांदा पकडला तेव्हा मला साडेनऊ हजार वसूल झाल्यासारखं वाटलं, अगदी मनापासून सांगतोय.

दुकानात जाऊन का घ्यावी ते सांगतो. एक तर दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करायची आणि डोळ्याच्या बाजूच्या काचेत जो उजळ गोल दिसतो तो बघायचा. गोल पूर्ण गोल असेल तर आतली प्रिझम चांगल्या काचेची, बाकेफोर म्हणतात ती. गोलाच्या कडा कापल्यासारख्या, चौकोनी वाटल्या तर स्वस्तातली काच आहे. दुसरं, दुकानाच्या बाहेर येऊन लांबच्या बिल्डिंगची कड किंवा विजेची तार बघायची. एकाच्या दोन तारा दिसल्या किंवा डोळ्याला ओढल्यासारखं वाटलं तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत, ती दुर्बीण फुकट दिली तरी घेऊ नका. तिसरं, पांढऱ्या भिंतीची कड आकाशाच्या समोर धरायची आणि जांभळी-हिरवी झाक किती येते ते बघायचं. थोडी येणारच या किमतीत, जास्त नको. चौथं, चष्मेवाल्यांसाठी फार महत्त्वाचं, चष्मा न काढता पूर्ण गोल दिसतोय का बघा. मला चष्मा आहे, माझ्या दुर्बिणीत डोळा सतरा मिलिमीटर लांब ठेवून पण पूर्ण दृश्य दिसतं, रबरी कप खाली फिरवून ठेवायचे बस्स. दुकानदार काकांनी चार-पाच पीस काढून दिले, कंटाळा केला नाही, त्यातला एक पीस खरंच तिरका निघाला, तो त्यांनी लगेच बाजूला ठेवला. ऑनलाइन घेतली असती तर तोच माझ्या घरी आला असता कदाचित. आणि लाल-केशरी काचेच्या दुर्बिणी दिसतात ना प्रदर्शनात, जत्रेत, त्यांच्यापासून लांब राहा, त्या लाल रंगच परतवून लावतात, मग लाल ठिपका दिसणार कुठून.

घेतल्यावर सेटिंग एकदाच नीट करायचं. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं फोकस, मग डावा मिटून उजव्या नळीवरच्या कड्याने उजव्याचं. यानंतर फक्त मधलं चाक. बहुतेक लोक हे करतच नाहीत आणि मग म्हणतात धूसर दिसतं.

आता प्रत्यक्ष टेस्ट. थंडीत सकाळी, ऊन पाठीमागून. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, खाडी नवी मुंबईच्या पश्चिमेला आहे, म्हणजे ऐरोली-वाशीच्या बाजूने बघायचं असेल तर सकाळी जा, सूर्य पाठीला राहतो. भांडुप-मुलुंडच्या बाजूने बघायचं तर संध्याकाळ बरी. उलट केलंत तर कितीही महाग दुर्बीण असू दे, पाण्याच्या चमकीत सगळी बदकं काळीच दिसणार. आणि दहा-साडेदहानंतर चिखल तापला की तव्यावरच्या हवेसारखी हवा हलायला लागते, मग लांबचं काहीच स्थिर दिसत नाही, त्यात दुर्बिणीचा दोष नाही.

पाण्याच्या पलीकडच्या कडेला जोडी बसलेली होती, पन्नास-साठ मीटर असेल. साध्या डोळ्यांना दोन ढेकळं. दुर्बीण लावली आणि पहिलं काय दिसलं तर ठिपका नाही, पाठीमागच्या बाजूची पांढरी पट्टी. पंख मिटलेले असताना शेपटीच्या जरा वर जी आतली पिसं येतात ती पांढरी असतात, आणि ही खूण ठिपक्यापेक्षा कितीतरी लांबून कामाला येते. नवीन बघणाऱ्यांनी ही पट्टी आधी शिकावी. मग अंगावरची खवल्यांची नक्षी, प्रत्येक पीस मध्ये गडद आणि कडेला फिकट, मान-डोकं त्यामानाने फिकं, डोळ्यातून जाणारी काळी रेघ. मग एकाने पाण्यात डोकं घातलं, शेपूट वर, पाय मारत मारत तळाचं काहीतरी ओरबाडलं आणि वर आलं ते चोचभर चिखल घेऊन. ठिपका गायब! चिखलाखाली. मी थांबलो. त्याने दोन-तीनदा चोच पाण्यात हलवून धुतली, मान वर केली, आणि दोन लाल ठिपके एकदम समोर, ओले, चकचकीत, कडेला चिखलाची बारीक रेघ अजून राहिलेली. काठावर चढलं तेव्हा पाय दिसले, नारिंगी-लाल, चिखलातून काढले तरी तो रंग झाकत नाही.

आईला पण नेलं होतं एकदा. तिला दुर्बीण धरायची सवय नाही, आधी "काही दिसत नाही रे" चाललं होतं, मग दोन नळ्यांमधलं अंतर तिच्या डोळ्यांच्या मापाला जुळवून दिलं आणि ती एकदम गप्प झाली. नंतर म्हणाली, "अरे, खरंच कुंकू लावलंय की याला! आणि हे दुसऱ्याचं जरा पुसट आहे का?" बरोबर होतं तिचं. नर-मादी जवळजवळ सारखेच असतात, पण नराचा ठिपका मोठा आणि भडक, मादीचा फिका. पहिल्यांदाच दुर्बीण हातात घेतलेल्या बाईला ८×४२ मधून हा फरक दिसला, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला देता येणार नाही.

टेस्ट पास झाली, पण खरी मजा पुढे आहे. एकदा ठिपका दिसायला लागला की बाकीच्या बदकांमधून याला वेगळं काढता येतं, आणि मग याचे भाऊबंद कोण हा प्रश्न येतोच. थंडीत आपल्या पाणथळीवर तपकिरी माद्यांची गर्दी असते. तलवार बदकाची मादी सडपातळ, लांब मानेची, चोच राखाडी, शेपूट टोकदार. थापट्याची चोच पुढे पसरट आणि भलतीच मोठी. चक्रांग आणि भिवई आकारानेच लहान. हळदी-कुंकू यांच्यात धिप्पाड दिसतं, ५५ ते ६३ सेंटीमीटर लांब. अडई पण दिसेल, ती शिट्टी मारत उडते, पण ती बदकांच्या कुळातली फार लांबची शाखा आहे, तिचा याच्याशी जवळचा संबंध नाही.

जवळचा संबंध कोणाशी तर मॅलार्डशी, हिरव्या डोक्याचा नर असतो तो. आपल्याकडे जंगली मॅलार्ड क्वचितच येतं. पण त्याचे वंशज ठाण्यात रोज दिसतात, तलावात सोडलेली पांढरी पाळीव बदकं! जगातली पाळीव बदकं, मस्कोव्ही जात सोडली तर, सगळी मॅलार्डपासून आलेली आहेत. म्हणून हळदी-कुंकूच्या मादीचा आवाज ऐकलात तर तो अगदी ओळखीचा "क्वॅक क्वॅक" वाटतो, गावच्या बदकासारखाच.

याचा सख्खा भाऊ म्हणावा असं बदक पूर्वेला आहे, चीन, कोरिया, जपान, रशियाची पूर्व बाजू. शास्त्रीय नाव ॲनास झोनोरिंका, आपल्याचं ॲनास पीसिलोरिंका. चोच तशीच काळी आणि टोक पिवळं, पण लाल ठिपका नाही, गालावर एक जादा काळी रेघ, आणि पंखावरचा पट्टा हिरव्याऐवजी निळा. बरीच वर्षं दोघांना एकच जात धरत होते. मग हाँगकाँगच्या भागात दोघंही शेजारी शेजारी घरटी करताना आढळले आणि तरी आपापसात फारशी सरमिसळ नाही, यावरचा अभ्यास २००६ मध्ये छापून आला आणि आता दोन वेगळ्या जाती मानतात. गंमत म्हणजे म्यानमारपासून दक्षिण चीनपर्यंत आपल्याच जातीची जी उपजात आहे तिच्यात लाल ठिपका लहान असतो नाहीतर नसतोच. म्हणजे ठसठशीत कुंकू लावलेलं बदक बघायचं तर ते आपल्या भारतीय उपखंडातच. हे मला कळल्यापासून त्या ठिपक्याकडे बघायची माझी नजरच बदलली.

बाकीचे नातेवाईक पण भारी आहेत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचं पॅसिफिक ब्लॅक डक, चेहऱ्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा. फिलिपिन्सचं बदक, डोकं विटकरी-तांबूस आणि मधून काळी पट्टी, ते आता धोक्याच्या यादीत आहे. आफ्रिकेतलं पिवळ्या चोचीचं. आणि हवाई बेटांच्या साखळीतलं लेसन बदक, ज्याची संख्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोटावर मोजण्याइतकी उरली होती, आणि पुढे २००४-०५ मध्ये काही पक्षी मिडवे बेटांवर नेऊन सोडले म्हणून जातीला दुसरं घर मिळालं. ते बदक खाऱ्या तळ्याच्या काठाने चोच उघडी ठेवून माश्यांच्या थव्यातून पळत सुटतं आणि पळता पळता माश्या खातं.

पण या सगळ्यात नदीचं बदक म्हणायचं तर आफ्रिकन ब्लॅक डक, ॲनास स्पार्सा. सहाराच्या दक्षिणेला, झाडीतून वाहणाऱ्या, दगड-गोट्यांच्या खळखळत्या नद्यांवर राहतं. रंगाने काळपट, पाठीवर पांढरे ठिपके, पाय नारिंगी, पंखावर तसाच पांढऱ्या कडांचा चमकदार पट्टा. याची खासियत म्हणजे नर-मादीची जोडी नदीचा एक तुकडा धरून बसते, आणि त्या तुकड्यात दुसऱ्या जोडीला घुसू देत नाही, हद्दीवर मारामाऱ्या होतात. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉशच्या नदीवर याचा अभ्यास झालाय. आपलं हळदी-कुंकू तसं नाही, थंडीत बिनधास्त थव्यात बसतं, पावसाळ्यात जोड्या वेगळ्या होतात. मादागास्करमध्ये मेलर्स डक आहे, तेही छोट्या ओढ्या-नद्यांवर राहणारं, आणि जंगलं तुटून ओढे गढूळ झाल्यामुळे, शिकारीमुळे फार कमी झालंय. मॅलार्डच्या या गोतावळ्यात एक गोष्ट बघा, उत्तरेकडे स्थलांतर करणाऱ्या मॅलार्डचा नर भडक आणि मादी साधी, पण एकाच जागी राहणारे नातेवाईक बहुतेक सगळे नर-मादी सारख्या दिसणारे. तिथे नर-मादी ओळखायची तर अशी बारीकसारीक खूणच शोधावी लागते, जी आईने बरोबर पकडली.

आणि हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. या सगळ्या नातेवाइकांना एक धोका मॅलार्डकडूनच आहे. माणसांनी मॅलार्ड जिथे जिथे नेऊन सोडलं तिथे ते स्थानिक बदकांशी जोड्या जमवतं आणि पिल्लं मिश्र होतात. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात शिकारीसाठी मॅलार्ड आणलं आणि आज तिथलं मूळचं करडं बदक शुद्ध रूपात सापडणं अवघड झालंय. हवाईमध्ये तेच, दक्षिण आफ्रिकेत पिवळ्या चोचीच्या बदकाबाबत तीच काळजी. म्हणून पाळीव बदकं हौसेने आणून तलावात, नदीत, पाणथळीत सोडू नका, कृपा करा. सोसायटीच्या कारंज्याजवळ ठेवायची तर ठेवा, दाणा-पाणी बघा, पण मोकळ्या पाण्यावर नको.

पावसाळ्यात वेगळी काळजी. मादी पाण्याजवळ गवतात जमिनीवर घरटं करते, ८ ते १४ अंडी, आणि उबवते एकटी मादी. त्या दिवसांत बांधावर कुत्रा मोकळा सोडायचा नाही, गवतात घुसून फोटो काढायचे नाहीत. ८×४२ चा हाही एक फायदा, लांबूनच सगळं दिसतं, पुढे जायची गरज पडत नाही. पिल्लं आईच्या मागे रांगेत पोहतात, काळसर-पिवळी, डोळ्यावर जाड काळी रेघ, आणि त्यांच्या चोचीवर ठिपका-बिपका काही नसतो अजून.

खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून दर्जा मिळाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, नाव आलं, त्यामुळे फ्लेमिंगोंकडे सगळ्यांचं लक्ष आहे आणि ते असायलाच हवं. पण हळदी-कुंकूला लागतं ते आजूबाजूचं गोडं-मचूळ पाणी, डबकी, गवताळ कडा, आणि बिल्डिंगच्या मागे पडलेल्या अशा जागांकडे लोक "पडीक" म्हणून बघतात. तिकडे माणसं दुर्बीण घेऊन जायला लागली, नोंदी व्हायला लागल्या, तर पडीक म्हणणं जरा अवघड होईल. माझी दुर्बिणीची शिफारस एवढ्या जोरात चाललीय त्याचं एक कारण हेही आहे.

आता तक्रारी, कारण आहेतच. सोबत आलेला पट्टा बारीक, तासाभरात मानेला काचतो, वजन सातशे ग्रॅमच्या आत असलं तरी. मी खांद्यावरून जाणारा हार्नेस वेगळा घेतला, तो हजाराच्या आत येतो, घ्याच. पुढच्या काचांची झाकणं ढिली, एक बांधावरून खाली पाण्यात गेलंय. उजव्या नळीचं कडं बॅगेत घासून फिरतं, त्याला लॉक हवं होतं, मी खुणेसाठी नेलपेंटचा ठिपका दिलाय म्हणजे हललं की कळतं. कडेच्या भागात चित्र जरा मऊ, बदक मध्यभागी ठेवावं लागतं. भर उन्हात त्या पांढऱ्या पट्टीला जांभळी झाक येते. झाकणासाठी कस्टमर केअरला मेल केला तर नुसतं ऑटोमॅटिक उत्तर आलं, पुढे काही नाही. वॉटरप्रूफ आहे, आत नायट्रोजन भरलाय असं बॉक्सवर आहे, आणि पावसाळी सकाळी एसी गाडीतून बाहेर काढल्यावर बाहेरच्या काचेवर वाफ धरली तरी आतून धरली नाही, एवढं मी बघितलंय. तरी आपल्या हवेत बुरशीची भीती असतेच, जून ते सप्टेंबर घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो, पुड्या ओल्या झाल्या की बदलायच्या. कपाटात कापडी पाऊचमध्ये कोंडून ठेवू नका. काच पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवा मगच मायक्रोफायबर, खाडीकडच्या धुळीत बारीक वाळू आणि मीठ असतं, कोरडंच पुसलंत तर कोटिंगवर ओरखडे येतात.

कोणी घ्यावी: ज्यांना पहिली दुर्बीण घ्यायचीय, चष्मा आहे, घरात तीन जण एकच दुर्बीण वापरणार आहेत, सकाळी लवकर जायची तयारी आहे. कोणी घेऊ नये: ज्यांना खाडीच्या मधोमध, अर्धा किलोमीटर लांबचे थवे मोजायचेत, त्यांना स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) आणि ट्रायपॉड लागेल, ते बजेटच वेगळं. लहान मुलांसाठी ८×४२ जरा जड पडते, आठ-दहा वर्षांच्या मुलाला ८×३२ द्या, पाचशे-सहाशे ग्रॅममध्ये बसते आणि सकाळचा उजेड थोडा कमी मिळाला तरी ठिपका दिसतो, भाच्याच्या दुर्बिणीतून मी स्वतः बघितलाय.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क त्या झाकणाचा आणि न आलेल्या उत्तराचा कापला. कोणाला घेण्याआधी हातात धरून बघायची असेल तर थंडीत रविवारी सकाळी आम्ही सीवूड्सच्या बाजूला असतो, गळ्यात दुर्बीण अडकवलेली चार माणसं दिसली की बिनधास्त मागा, आधी पांढरी पट्टी शोधा, मग ठिपका.